कुलथे सराफांचं नेटवर्क कार्ड

"कार्डच गेलं असेल ना सर?" मंजिरीनं विचारलं.

मी तेव्हा कुलथे सराफांच्या माडीवर, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली रांगत होतो. तोंडात स्क्रूड्रायव्हर धरलेला, त्यामुळं लगेच उत्तर देता आलं नाही. डब्याच्या मागची वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. कार्डाचा हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

"छे! कार्डाला काय धाड भरलीय?" बाहेर येत मी म्हणालो. "दिवा बघ की."

"दिवा लागूनसुद्धा कार्ड गेलेलं असतं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं असेन. ते वेगळं, हे वेगळं."

ती बाजूला सरकली. मोरपंखी रंगाची काठाची साडी, डोक्यात गजरा, हातात हिरव्या बांगड्या. एरवी क्लासला ही मुलगी दोन साध्या ड्रेसांत अख्खं वर्ष काढायची. मला हे दिसलं नाही असं नाही. पण समोर बंद पडलेलं मशीन असलं की बाकीचं जग मला काचेपलीकडचं वाटतं, ही माझी जुनी खोड.

सकाळी अण्णांचा, म्हणजे दिगंबरशेठ कुलथ्यांचा, फोन आला होता. "साखरे सर, आमचं नेट मेलंय बगा. हातातलं काम टाका आन् या. दुपारी सिंगापूरहून पोराचा फोन यायचाय, व्हिडिओचा."

"कुठला पोरगा?"

"आवो, मंजीला बघणारा! कॅमेऱ्यावर बघायचा कार्यक्रम हाय. या लवकर."

बार्शीत पांडे चौकाजवळ दोन खोल्यांत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. तिशी गाठलेली, लग्न नाही, आणि डोक्यात एकच वेड, लिनक्स. चोरून आणलेली विंडोज वापरणाऱ्या माणसाकडं मी, माळकऱ्यानं मटणाच्या पातेल्याकडं बघावं, तसा बघायचो. दिसेल त्याला फुकट, मोकळ्या, सगळ्यांच्या मालकीच्या सॉफ्टवेअरचं प्रवचन द्यायचो. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि घरी जाऊन विंडोजच चालू करायचे. एकटी मंजिरी ऐकून थांबली नाही. तिनं घरच्या मशीनवर लिनक्स चढवलं, चार वेळा बिघडवलं, चार वेळा उभं केलं. वर्षभरात ती असे प्रश्न विचारायला लागली, की मला रात्री पुस्तकं उघडून बसावं लागे. मास्तरकी करणाऱ्याला असा विद्यार्थी एखादाच मिळतो, आणि तो मिळाल्यावर मास्तर थोडा चढतो. मीही चढलो होतो.

आणि गेल्याच आठवड्यात तिला पुण्यात नोकरी लागली होती. दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणारी छोटी कंपनी. माझाच एक मित्र तिथं होता. त्यानं फोनवरून तिची तासभर परीक्षा घेतली आणि मला म्हणाला, "साखरे, ही पोरगी तुझ्यापेक्षा भारी आहे, पाठवून दे." एक तारखेला हजर व्हायचं होतं. घरी कुणाला पत्ता नव्हता. अण्णांशी मी बोलणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मीच छाती पुढं काढून म्हणालो होतो, "अण्णा माझा शब्द खाली पडू देणार नाहीत. रविवारी येतो आणि बोलतो."

तो हाच रविवार. त्यामुळं अण्णांचा फोन आल्यावर मला वाटलं, चला, बरंच झालं. आधी नेट चालू करून द्यावं, अण्णा खूश होतील, बघण्याचा कार्यक्रम काय, होतच असतात, आणि मग चहा पिता पिता पुण्याचा विषय काढावा. एवढा सरळ हिशोब माझ्या डोक्यात होता.

मी खुर्चीवर बसलो. मशीनला विचारलं, कार्ड दिसतं का? दिसतं, नाव-गावासकट. मग नेट का नाही? कारण कार्डाचा ड्रायव्हर चढलेलाच नव्हता. कार्ड हे नुसतं लोखंड आणि प्लास्टिक. त्याच्याशी बोलायचं कसं, हे मशीनला ड्रायव्हर सांगतो. तो नसेल तर कार्ड असून नसल्यासारखं. काल-परवा एखादं अपडेट आलं असेल आणि त्यानं घोळ घातला असेल, असा माझा कयास.

"परवा अपडेट केलंस का ग?"

"केलं असेल," मंजिरी म्हणाली. "त्यानंच गेलं असेल सर. दुरुस्तीला दोन-तीन दिवस लागतील ना?"

"दोन-तीन दिवस? मला?"

तिनं खाली बघितलं. मला वाटलं, बघायला येणार म्हणून पोरगी बावरलीय.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अण्णा आणि त्यांचे थोरले भाऊ बापूकाका वर आले. अण्णा गोल, घामेजलेले, बोलके. बापूकाका उंच, कोरडे, कपाळाला उभं गंध. घरातला शेवटचा शब्द बापूकाकांचा, हे अख्ख्या सराफकट्ट्याला ठाऊक होतं.

"काय सर, लागला का शोध?"

"लागतोय अण्णा. ड्रायव्हर चढत नाहीये."

"ड्रायव्हर? मग दुसरा बघा की एखादा. आपल्या गाडीचा हाय, शिवाजी." अण्णा स्वतःच्याच विनोदावर हसले, मग भावाकडं बघून त्यांनी हसू आवरलं.

बापूकाका म्हणाले, "नगरच्या आमच्या अक्कानं, मंजीच्या आत्यानं, चार ठिकाणी शब्द टाकून हे स्थळ आणलंय. पोरगा आज तीन मुली बघणार. आज जी दिसली नाही ती राहिली. त्याला काय, दुसऱ्या मुली पायलीला पन्नास."

"नेट कॅफेत गेलो तर?" मी सहज सुचवलं.

अण्णांनी दोन्ही कान धरले. "सर, सराफाची लेक कॅफेत नेऊन दाखवू? पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवा की थोडी."

मागून काकू, म्हणजे मंजिरीची आई, पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं यथासांग. अण्णा वैतागले. "आगं, सिंगापूरचा पोरगा कॅमेऱ्यातून पोहे खाणार हाय का?"

"त्याला दिसू दे तरी," काकू म्हणाल्या. "बघायच्या कार्यक्रमाला पोहे नाहीत, असं आपल्या घरी झालंय का कधी? सर, तुम्ही घ्या."

मी बशी बाजूला ठेवली. मला भूक कुठली! मशीन माझ्याशी एक चमत्कारिक खेळ खेळत होतं. मी ड्रायव्हर हातानं चढवायचा हुकूम दिला. मशीननं काही कुरकुर केली नाही, चूक दाखवली नाही, मुकाट्यानं पुढची ओळ दिली. म्हणजे काम झालं. बघतो तर ड्रायव्हर नाहीच. परत हुकूम दिला. परत तेच. काम नाही करायचं तर मशीन तसं सांगतं, भांडतं, पानभर शिव्या देतं. हे मशीन मात्र हो म्हणत होतं आणि काही करत नव्हतं. असा प्रकार मी आयुष्यात बघितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला फार मजा यायला लागली होती.

मशीन बंद करून जुन्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या अपडेटआधीच्या गाभ्यावर, चालू केलं. अपडेटनं घोळ केला असेल, तर जुन्यावर सगळं नीट चालायला हवं. तिथंही तेच. म्हणजे अपडेट निर्दोष.

मंजिरी माझ्या खुर्चीमागं उभी होती. हळूच म्हणाली, "सर, राहू द्या ना. नवीन कार्ड सोलापूरला मिळतं. आज रविवार, दुकानं बंद. उद्या बघू."

"नवीन कशाला? हे ठणठणीत आहे."

"तुम्ही दमला असाल. मी चहा आणते. तुम्ही खाली बसून अण्णांशी बोला." 'बोला' हा शब्द तिनं जरा जोर देऊन म्हटला.

मी मान वळवून तिच्याकडं बघत डोळे मिचकावले, म्हणजे, मला आठवण आहे, काळजी करू नकोस. आणि कुजबुजलो, "आधी हे होऊ दे. अण्णा खूश झाले की मग विषय काढतो. बघच तू."

तिचा चेहरा तेव्हा कसा झाला, ते मला आजही नीट सांगता येईल. तेव्हा मात्र मी तो बघून परत पडद्याकडं वळलो.

ड्रायव्हर चढवण्याच्या हुकमाला मी आता सांगितलं, की जे काय करतोस ते मोठ्यानं बोलत कर. अशी सोय असते. त्यानं एक ओळ छापली. ती ओळ वाचली आणि मी मांडीवर थाप मारली.

"सापडलं!"

अण्णा, बापूकाका, काकू, सगळे खुर्चीभोवती गोळा झाले. मला काय चेव आला विचारू नका.

"अण्णा, काय डोकं लावलंय बघा! मशीनला सांगून ठेवलंय, की हा ड्रायव्हर कुणी चढवायला सांगितला, तर चढवायचा नाही, त्याऐवजी 'ट्रू' नावाचा प्रोग्राम चालवायचा. आता हा 'ट्रू' काय करतो? काहीच करत नाही! नुसतं 'झालं' म्हणतो. म्हणून मशीन हो म्हणत होतं आणि काम करत नव्हतं. वा! शंभरातल्या नव्याण्णव लोकांना हे जन्मात सापडणार नाही."

"म्हंजे अपडेटनं झालं हे?" अण्णांनी विचारलं.

"छे छे! अपडेट असलं काही करत नाही. हे मुद्दाम हातानं लिहावं लागतं. मुख्य पासवर्ड घालून. आणि लिहिणारा माणूस चांगला जाणकार असावा लागतो. बार्शीत तर..."

इथं माझी जीभ थांबली.

परीक्षेच्या वेळी मुलं पेनड्राइव्ह लावून उत्तरं उतरवतात, म्हणून क्लासमधल्या सगळ्या मशीनवर मी हीच युक्ती केली होती. पेनड्राइव्ह लावला, की मशीन हो म्हणायचं आणि काही दाखवायचं नाही. मुलं डब्याला थपडा मारत बसायची. ती युक्ती मी बार्शीत एका माणसाला शिकवली होती, आणि ते माणूस माझ्या खुर्चीच्या मागं उभं होतं.

कार्ड गेलं असेल ना सर. दोन-तीन दिवस लागतील ना सर. उद्या बघू सर. राहू द्या ना सर. ती बिचारी मघापासून एकेक दार उघडून देत होती, आणि मी ते तिच्याच तोंडावर आपटत होतो.

"मुद्दाम?" बापूकाकांनी सावकाश विचारलं. "कुणी?"

"म्हणजे... तसं... कधी कधी आपोआपही..." मी चाचरलो.

"आत्ता तुम्हीच म्हणालात, आपोआप होत नाही. पासवर्ड लागतो. कुणाकुणाला ठाऊक आहे पासवर्ड?"

 काकूंनी हातातली बशी टेबलावर ठेवली.

"मला," मंजिरी म्हणाली. "आणि सरांना."

बापूकाकांनी माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, सोन्याचा कस बघावा तसं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "सर, लग्न झालंय का हो तुमचं?"

 त्या एका वाक्यात त्यांना काय म्हणायचं होतं, ते तिथं काकूंसकट सगळ्यांना कळलं. तरणाताठा बिनलग्नाचा मास्तर, देखणी शिष्या, आणि ऐन बघण्याच्या दिवशी बंद पडलेलं नेट. क्लासला पन्नास पोरी येत होत्या. पेठेत ही कुजबुज एकदा सुटली असती, तर दुसऱ्या दिवशी माझ्या क्लासला कुलूप लागलं असतं.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की मीच केलं. चुकून झालं, मागं कधीतरी काही करून बघताना राहून गेलं असेल. दोन शिव्या बसल्या असत्या, फार तर पेठेत तोंड लपवावं लागलं असतं. मंजिरी सुटली असती. मंजिरी माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती.

"मी दिवाळीपासून या मशीनला हात लावलेला नाही," मी म्हणालो. "देवाशप्पथ."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माणूस एकदा स्वतःला वाचवायला लागला, की हात चालतच राहतात. "आणि फाइलवर तारीख असते," मी म्हणालो. माझ्या बोटांनी हुकूम दिलासुद्धा. "ही बघा. काल संध्याकाळची. काल मी सोलापूरला होतो. विचारा कुणालाही."

काल संध्याकाळी त्या घरात कोण होतं, हे विचारायची गरज उरली नाही.

"मी केलं," मंजिरी म्हणाली.

अण्णा मटकन पलंगावर बसले. ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. "का ग, बाळा?" एवढंच म्हणाले.

"मला पुण्यात नोकरी लागलीय अण्णा. एक तारखेला जायचंय. सर आज तुमच्याशी बोलणार होते." ती माझ्याकडं वळली. "सर, सांगा ना."

आता सगळेच माझ्याकडं बघायला लागले. बापूकाकांची नजर तर माझ्यावरून हललीच नव्हती.

"काय हो सर? तुम्ही लावलीत नोकरी?"

"मी... म्हणजे माझी तिथं ओळख आहे," मी म्हणालो. "तशी शिकाऊ म्हणूनच आहे. पगारही बेताचाच. अगदी पक्कं असं... बघायला लागेल."

खोटं बोललो. पक्कं होतं. तिच्यासाठी त्यांनी टेबलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं.

मंजिरीनं मान खाली घातली. मला अजून वाटतं, त्या क्षणापर्यंत तिला आशा होती. अण्णा तसे मऊ माणूस. मी छाती ठोकून सांगितलं असतं, की शेठ, तुमची लेक हिरा आहे, सहा महिने जाऊ द्या तिला, स्थळं काय येतील पुन्हा, तर ते बापूकाकांशी कदाचित भांडलेही असते. हिऱ्याची पारख त्यांना वेगळी शिकवायला नको होती. पण मुलीच्या बाजूनं उभं राहणारा एकटा बाहेरचा माणूस 'बघायला लागेल' म्हणाला, तिथं त्यांचं बळ संपलं.

"सर," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले, "लावा चालू."

मी ती ओळ खोडली. माझ्याच हातांनी. हुकूम दिला, ड्रायव्हर चढला, आणि कोपऱ्यात नेट लागल्याची खूण उमटली. अख्ख्या दुपारचा गुंता, सोडवायला एक वाक्य बोलण्याइतकाही वेळ लागला नाही. एरवी अशा वेळी मी हात वर करून ओरडतो. तेव्हा मला उठून जिन्यावरून पळून जावंसं वाटत होतं.

पळताही आलं नाही. सिंगापूरचा फोन लागला, मुलगा दिसायला लागला, पण मंजिरीचा आवाज त्याला पोचेना. माइकची वायर सैल होती, हातानं दाबून धरली की चालायची. "सर, धरा जरा," अण्णा म्हणाले. म्हणून तो सगळा कार्यक्रम मी टेबलाशी उकिडवा बसून, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा, माइक हातात धरून ऐकला. काकूंनी तिचे डोळे पुसून, पावडर लावून तिला खुर्चीत बसवलं होतं. शेजारी पोह्यांची बशी होती.

मुलगा वाईट नव्हता, हे सांगायला पाहिजे. वाईट असता तर मला जरा बरं वाटलं असतं. हसरा, नम्र, विचारून विचारून बोलणारा. त्याचं नाव हृषीकेश. स्वयंपाक, छंद वगैरे नेहमीचं झाल्यावर तो म्हणाला, "तुमच्या आत्याबाई सांगत होत्या, सकाळपासून तुमचं नेट बंद होतं. आणि तुम्ही कॉम्प्युटरमध्ये हुशार आहात असंही ऐकलं. तुम्हीच दुरुस्त केलंत का?"

माझ्या मुठीत माइक होता. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर.

"नाही," मंजिरी म्हणाली. "मला त्यातलं काही येत नाही. सरांनी केलं."

"काहीच नाही?" तो हसला.

"क्लासला जायचे थोडे दिवस. सोडला आता."

अण्णांनी सुटकेचा श्वास टाकला. बापूकाकांनी समाधानानं मान हलवली. मी मात्र माइक धरून खाली बघत राहिलो. माझ्यापेक्षा भारी असलेली पोरगी माझ्या देखत स्वतःची विद्या पुसून टाकत होती, आणि मी आवाज नीट जावा म्हणून वायर दाबून धरली होती.

संध्याकाळपर्यंत पसंती कळली. दिवसभरात बघितलेल्या तिघींत मंजिरीच पसंत पडली, असं तिच्या नगरच्या आत्यांनी फोनवर सांगितलं. अण्णांनी मला पेढे पाठवले. मी ते क्लासच्या पोरांना वाटून टाकले.

एक तारीख उलटल्यावर पुण्याच्या मित्राचा फोन आला. "साखरे, तुझी पोरगी आलीच नाही की रे."

"तिचं लग्न ठरलं," मी म्हणालो.

"अरे वा! अभिनंदन सांग तिला. आम्हाला मग दुसरं कुणी दे."

मंजिरी क्लासला परत आली नाही. दोनदा मला रस्त्यात दिसली, आईबरोबर साड्यांच्या पिशव्या घेऊन. मी दोन्ही वेळा गल्ली बदलली. तिच्यासमोर उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि माफी कुठल्या शब्दांत मागायची, तेही मला सुचत नव्हतं. बापूकाका मात्र रस्त्यात भेटले की आता हात जोडायचे. मी त्यांच्या घराण्याची लाज राखली, असं त्यांचं मत झालं होतं.

लग्न बार्शीतच झालं, थाटात. मी जाणार नव्हतो. अण्णा स्वतः क्लासवर येऊन बसले. "सर, तुमी न्हाई आलात तर मी अक्षता टाकू देणार न्हाई. आवो, हे जमलं कुणामुळं?" मला जावं लागलं.

आमच्याकडं लग्नात मानाच्या माणसांना फेटे बांधतात. सोयरे, मामे, चुलते, गावातली थोर मंडळी. फेटे बांधणारा माझ्यापाशी आला तेव्हा मला वाटलं, चुकून आला. मागं अण्णा उभे होते. "बांध, बांध. हे पयल्या मानाचे."

मी नको नको म्हणत होतो. त्यांना वाटलं, मी संकोचतोय. त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं. गुलाबी फेटा, वर नारळ, शेला. बापूकाकांनी माझा हात हातात घेऊन सिंगापूरच्या पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे साखरे सर. त्या दिवशी हे नसते, तर तुमची-आमची गाठ पडली नसती." पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला. हृषीकेश माझ्याकडं बघून मोकळं हसला. मी फेट्याखाली घामानं भिजून गेलो होतो. कुणीतरी म्हणालं, सर लाजले.

मग नवरा-नवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत ओळीनं यायला लागली. मी मागच्या मागं सटकायच्या बेतात होतो, पण फेटा बांधलेला माणूस कुठं लपणार? ती दोघं माझ्यापुढं आलीच. हृषीकेशनं नमस्कार केला आणि तो शेजारच्या काकांशी बोलायला लागला. मंजिरी वाकली. मुंडावळ्या माझ्या पायांवर लोंबल्या. मी आशीर्वाद म्हणून हात उचलला.

"मंजिरी," कसाबसा म्हणालो, "माझं चुकलं ग."

ती सरळ उभी राहिली. तिनं त्या दुपारनंतर प्रथमच माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी तो मान खाली घालून ऐकून घेतला असता.

"त्या दिवशी अण्णा दुसऱ्या माणसाला बोलावत होते, सर," ती म्हणाली. "तो आपला लॅपटॉप घेऊन येणार होता, त्यावर फोन लागलाच असता. सरांनाच बोलवा म्हणून मी रडले."

आशीर्वादासाठी उचललेला हात मी खाली घेतला.

"तुम्हाला सापडेल, हे मला ठाऊक होतं. सापडलं की कळेलही, असं वाटलं होतं."

मागून कुणीतरी हाक मारली. तिनं पदर सावरला आणि ती माझ्या शेजारच्या आजींच्या पाया पडायला वाकली.